रखवालदाराचे तीन फासे

“आज कोण मरणार?” इरफाननं गॅसचा बर्नर बंद करता करता विचारलं.

“मरायचं नाव काढू नकोस,” समृद्धी म्हणाली. “मी कालच मैनाला नवा रंग दिलाय.”

मामांनी चपला दाराबाहेर काढल्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उजवा गुडघा लांब केला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला भीमण्णा काढून टेबलावर ठेवला. बोटाएवढी पिवळ्या प्लास्टरची मूर्ती. हातात ढाल, छाती पुढे, आणि एकदा स्कूटरवरून पडल्यामुळे उडालेलं नाक.

मामा म्हणजे माझे सासरे, आण्णासो खोत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा सांगायचा आणि उतरली की पुन्हा सांगायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी असं केलं की एका संचालकाच्या पाहुण्याच्या गाडीचं वजन वाढवून लिहायला नकार दिला म्हणून दोन वर्षं त्यांना बारदानाच्या गोदामात बसवलं होतं. ते बसले. परत काट्यावर आले तेव्हा त्याच पाहुण्याची गाडी पहिली आली आणि मामांनी तिचं वजन पुन्हा जेवढ्यास तेवढंच लिहिलं. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली होती, मामांनी कधीच नाही.

इरफान मुजावर कवळ्या बनवायचा. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत त्याची डेंटल लॅब होती. रविवारी ती बंद असायची आणि आम्ही चौघं दुपारी दोन ते सहा तिथं खेळायचो. चौथी समृद्धी आवटी, फिजिओथेरपिस्ट. मामांच्या गुडघ्यामुळे ओळख झाली आणि गुडघा सुधारला तरी ओळख राहिली.

आणि मी अश्लेषा, या सगळ्यांची सूत्रधार. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, त्यामुळे फासे कसे पडतात हे मला कुणी शिकवू नये असा माझा ठाम समज होता. आजही आहे. फक्त त्या रविवारी त्याला थोडी ठेच लागली, त्याचीच ही गोष्ट. अकरा वर्षं झाली तिला.

खेळ साधा होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, मी प्रसंग सांगायचा, त्यात आपलं पात्र काय करतं ते खेळणाऱ्यानं सांगायचं आणि ते जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. मूळ पुस्तक इंग्रजी आणि विटेएवढं जाड. मी त्याचं मराठीत पाणी केलं होतं. प्रत्येक पात्राला सहा गुण: बळ, चपळाई, दम, बुद्धी, पारख आणि छाप. गुणाइतका किंवा त्याहून कमी फासा पडला की जमलं, जास्त पडला की फसलं. तीन जखमा झाल्या की पात्र संपलं.

आणि आमचा एक रिवाज होता. पात्र संपलं की त्याची मूर्ती ज्याची त्यानं फोडायची. प्लास्टरचे साचे फोडायची इरफानची छोटी हातोडी टेबलाच्या मधोमध ठेवलेली असायची. रिवाज इरफाननंच काढला होता आणि पहिला बळी त्याचाच गेला होता.

झालं होतं असं. सुरुवातीला आम्ही पुस्तकातल्या नियमानंच खेळायचो: सहा गुणांसाठी सहा वेळा तीन-तीन फासे टाकायचे आणि जे पडेल ते ओळीनं लिहायचं. इरफानला मांत्रिक व्हायचं होतं आणि बुद्धी पडली नऊ. दुसऱ्याच रविवारी तो मांत्रिक एका साध्या लांडग्यापुढे मंत्र विसरला आणि मेला. इरफाननं मूर्ती फोडली आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

“ताई, हा कसला नियम? मी दात बनवतोय म्हणून मला कुणी लोहाराची ऐरण देत न्हाय,” तो शेवटी फोनवर म्हणाला.

मग मी घरचा नियम केला. सहा आकडे पडतील ते हव्या त्या गुणाला लावा. शिवाय नको असलेल्या गुणातले दोन कमी करा आणि हव्या त्या गुणात एक वाढवा, कितीही वेळा. सगळ्यांना तोच नियम, सगळ्यांना तीच सवलत. मी सरासऱ्या काढल्या, तक्ता केला, लॅमिनेट करून भिंतीवर लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी कॉलर इतकी ताठ झाली की मान वळेना.

इरफानला नव्या मांत्रिकासाठी चौदा, तेरा, बारा, दहा, नऊ आणि आठ पडले. त्यानं चौदा बुद्धीला दिले, बळ आणि छाप यांतले चार-चार काढून घेतले आणि बुद्धी अठरावर नेली. बळ पाच राहिलं. त्याला काय फरक पडतो? मांत्रिक पोती थोडाच उचलतो. समृद्धीनं असंच करून आपल्या हेराची, मैनाची, चपळाई सतरा केली.

मामा मात्र त्या दिवशी नुसते बघायला आले होते.

तेव्हा सासूबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. माझा नवरा सुदर्शन मस्कतला, तीन वर्षांच्या करारावर. घरात मी आणि मामा. ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून फाटकाकडे बघायचे. मी चहा दिला की “हं”, जेवायला बोलावलं की “हं”. दिवसभरात आमच्यात दहा शब्द होत नसत, त्यातले सात माझे. त्या रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. म्हटलं, नुसते बसा, पंखा तरी चांगला आहे.

दोन तास ते गप्प बसले. मग एकदम म्हणाले, “ह्या तुमच्या मुक्कामात दारावर कोण असतंय?”

“कुणी नाही, मामा.”

“मग चोर येणारच की. मी उभा राहतो.”

असा भीमण्णा आला. रखवालदार. इतरांवर येणारा वार आपल्यावर घ्यायचा, हे त्याचं काम. त्यांना तेरा, बारा, बारा, दहा, नऊ, आठ पडले. बुद्धी आणि छाप यांतले चार-चार त्यांनीही काढले. पण रखवालदाराला तीन गुण लागतात: वार येताना दिसायला पारख, अडवायला बळ, सोसायला दम. तीन तोंडांना एकच ताट. बळ चौदा, दम चौदा, पारख तेरा.

“झकास,” मी म्हणाले होते.

“पण एक सांगून ठेवतो,” मामा म्हणाले. “हा एकच. हा गेला की मी यायचा बंद. दुसरा करत बसायचं माझं वय न्हाय.”

मी हसून मान डोलावली होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. कारण त्या दिवशी घरी जाताना ते स्कूटरवर मागे बसून सबंध रस्ताभर बोलले. किल्ल्याचं दार आतून कसं बंद करायला हवं होतं, इरफान कसा फार पुढे पुढे करतो, समृद्धीला कसं शांत डोकं आहे. मी ऐकत होते आणि गॉगलच्या आत माझे डोळे भरून आले होते.

दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी पेपर तपासता तपासता मी सहज मागच्या कागदावर हिशेब केला. इरफानवर वार आला तर तो एक फासा टाकतो, अठराच्या आत. शंभरात नव्वद वेळा वाचतो. मामांवर आला तर त्यांना तीन फासे, आणि तिन्ही जमले पाहिजेत. तेराच्या आत, चौदाच्या आत, पुन्हा चौदाच्या आत. शंभरात जेमतेम बत्तीस. मी तीनदा गुणाकार केला. बत्तीसच.

म्हणजे माझा नियम सगळ्यांना सारखा होता आणि तरीही लबाड होता. ज्याला एकाच गुणावर जगायचंय त्याची त्यानं चंगळ केली होती. ज्याला तिन्हींवर भार टाकून उभं राहायचंय त्याला अर्धपोटी ठेवलं होतं. माणसांची सरासरी मी काढली होती, कामांची नाही. पहिल्या वर्षाच्या पोरानं अशी चूक केली असती तर मी त्याला वर्गात उभं केलं असतं.

सरळ होतं की रविवारी जाऊन सांगायचं, चुकलं, नियम बदलू. पण तो तक्ता भिंतीवर लॅमिनेट होऊन बसला होता. इरफान त्याच्या अठरावर जीव टाकत होता. आणि खरं सांगायचं तर चुकलं हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही.

म्हणून मी दुसरी वाट धरली. राक्षसांचे फासे मी टाकायचे, माझ्यापुढे एक्स-रेच्या पुठ्ठ्यांचा आडोसा करून, म्हणजे कुणाला ते दिसू नयेत. भीमण्णावरचा वार लागला की मी जाहीर करायचे, “अठरा! हुकला!” दरवेळी नाही. मधूनमधून एखादी जखम होऊ द्यायची, पुढच्या मुक्कामात ती भरू द्यायची. दोन वर्षं मी माझ्या सासऱ्यांना अशी जिवंत ठेवत होते. सुनेनं सासऱ्यांशी खोटं बोलण्याची बरीच कारणं असतात, पण हे माझं मला फार उदात्त वाटायचं.

मैनाला नवा रंग मिळाला त्या रविवारी मोहिमेचा शेवट होता. गडाचं शेवटचं दार, आणि दाराबाहेर लोखंडी बैल. बैलाचा नियम मी मुद्दाम कडक ठेवला होता: पुढे उभा असेल त्याच्यावर पहिला वार. तो हुकला, तर बैल वळून त्याच्या शेजारच्यावर धावणार.

“दारात कोण?” मी विचारलं.

“कोण म्हणजे?” मामा म्हणाले. त्यांनी भीमण्णाला टेबलावर काढलेल्या खडूच्या दारात नेऊन ठेवलं. शेजारी समृद्धीनं मैनाला ठेवलं. इरफाननं आपला मांत्रिक, उस्ताद, सगळ्यांत मागे, काचेच्या बरणीच्या आडोशाला नेला.

“उस्ताद, जरा पुढं या की,” समृद्धी म्हणाली.

“माझं बळ पाच हाय,” इरफान म्हणाला. “मी मागूनच दुवा देतो.”

तासाभरात लढाई रंगली. इरफाननं आगीचे गोळे फेकले, एकही फुकट गेला नाही. समृद्धीनं बैलाच्या पाठीवर चढून एक डोळा फोडला आणि खाली पडताना दोन जखमा घेतल्या. भीमण्णाही दोन जखमा घेऊन उभा होता. दोघांची तिसरी म्हणजे शेवट. बैल आता पडायला आला होता, आणखी एक आगीचा गोळा आणि संपलं असतं. पण त्याआधी पाळी बैलाची होती.

“बैल डोकं खाली घालतो,” मी म्हणाले. “पाय घासतो. आणि सरळ दारावर येतो.”

मी आडोशामागे फासा टाकला. माझा फासा कवळीच्या गुलाबी अॅक्रिलिकचा होता, इरफाननं खास ओतलेला, लिंबाएवढा. बैलाचा मारा बारा. फासा थांबला. चार.

वार लागला होता. आता मामांना तीन फासे. शंभरात बत्तीस.

मी समोर पाहिलं. मामा पुढे वाकले होते. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, डोळे चमकत होते. गॅलरीतल्या खुर्चीतला माणूस तो हा नव्हेच. मला दुसरं काही दिसलंच नाही.

“एकोणीस!” मी म्हणाले. “हुकला! भीमण्णाच्या ढालीला शिंग घासून जातं. बैल वळतो. मैना!”

समृद्धीवरचा फासा मी खरा टाकला. वारातून ती नेहमीच निसटायची, सतरा चपळाई होती. नऊ पडले, वार लागला. समृद्धीनं आपला फासा हातात खेळवला, त्यावर फुंकर मारली आणि सोडला.

अठरा.

समृद्धीनं पुन्हा वाकून आकडा पाहिला. 

“गेली,” समृद्धी म्हणाली. तिनं हसायचा प्रयत्न केला. मैनाला उचलून तिच्या नव्या निळ्या साडीवरून अंगठा फिरवला. दोन वर्षं ती बाई दवाखान्यात दिवसभर लोकांचे हातपाय वळवून रविवारी इथे भिंतींवरून उड्या मारत होती. “ठीक आहे. खेळ आहे.” तिनं मैनाला लाकडी पाटावर आडवं ठेवलं आणि हातोडीकडे हात नेला.

मामांनी हातोडीवर हात ठेवला.

“थांब,” ते म्हणाले.

“काका, रिवाज आहे.”

“रिवाज माहीत हाय मला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “अश्लेषा, चार पडलं हुतं.”

मी पुठ्ठे सरळ केले. “काय, मामा?”

“बैलाचं. चार. एकोणीस न्हवं.”

“तुम्हाला कसं…”

“तुझ्या डाव्या अंगाला काय हाय बघ.”

मी मान वळवली. डाव्या हाताला, जरा मागे, इरफानचं स्टीलचं कपाट होतं. प्लास्टरच्या गोण्यांचं. इरफान ते दर शनिवारी लिंबू लावून घासायचा. त्याच्या दारात माझा हात, पुठ्ठ्याची आतली बाजू आणि गुलाबी फासा असं सगळं लख्ख दिसत होतं. मी हललेलीही दिसत होते.

“एकतीस वर्षं केबिनच्या आरशात गाड्यांवरचं उलटं आकडं वाचलंय मी,” मामा म्हणाले. “चाकं काट्यावर हायत का बघायला आरसा असायचा. हे तर लिंबाएवढं हाय.”

“म्हणजे,” इरफान हळूच म्हणाला, “तात्या, तुम्हाला कधीपासनं…”

“पहिल्या दिवाळीच्या आधीपासनं.”

 विद्यार्थ्यांसमोर, प्राचार्यांसमोर, सासूबाईंसमोरसुद्धा मला कधी असं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं. आणि तरी माझं तोंड चाललंच. “मामा, मी तुमच्यासाठीच केलं. नियमच चुकला होता. तुमचे शंभरातले बत्तीस होते, बाकीच्यांचे नव्वद. मी फक्त तोल…”

“नियम चुकला तर नियम दुरुस्त करायचा,” मामा म्हणाले. “काटा हलवायचा न्हाय. अगं, एका गाडीचं वजन कमी लिहिलं की ते कुठं जातंय? दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत जातंय. मला आजवर वाटायचं, ह्या दोघांचं काय बिघडत न्हाय, चालू दे. आज माझा वार तू त्या पोरीच्या अंगावर घातलास. मी दारात उभा असताना.”

शेवटचं वाक्य ते इतकं हळू म्हणाले की मला ते जास्त लागलं. रखवालदाराचं काम दुसऱ्यांचे वार आपल्यावर घेण्याचं, आणि मी त्यांचाच वार दुसऱ्याच्या अंगावर ढकलला होता. हे माझ्या एकाही गुणाकारात आलं नव्हतं.

समृद्धीनं हात मागे घेतला. “काका, राहू द्या. ताईनं चांगल्या मनानं केलं.”

“मन चांगलंच हाय तिचं. त्याबद्दल वाद न्हाय.” मामांनी मैनाला पाटावरून उचललं आणि समृद्धीच्या हातात दिलं. “हिच्यावर वार झालाच न्हाय. बैलाचं चार पडलं, वार भीमण्णावर आला. आता माझं फासं मला दे.”

“मामा, नको ना,” मी म्हणाले. आणि मग जे दोन वर्षं गिळलं होतं ते सगळ्यांसमोर बाहेर पडलं. “भीमण्णा गेला तर तुम्ही यायचं बंद करणार. परत त्या खुर्चीत जाऊन बसणार. मला ते नाही बघवत.”

मामा काहीतरी बोलणार होते, ते त्यांनी गिळलं.

“फासा,” ते म्हणाले.

मी पुठ्ठ्यांचा आडोसा उचलला आणि खाली ठेवला. फासा त्यांच्या हातात दिला.

“पारख,” मी म्हणाले.  “तेराच्या आत.”

त्यांनी फासा टाकला. तो प्लास्टरच्या धुळीतून रेघ काढत गेला आणि थांबला. नऊ.

“दिसला!” इरफान ओरडला. “दिसला बैल!”

“बळ. चौदाच्या आत.”

फासा एका कडेवर डळमळला. चौदा. बरोबर चौदा. इरफान स्टुलावरून उठला, समृद्धीनं माझा दंड घट्ट धरला. मामांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते लहान मुलासारखे हसत होते. मी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण असं नाही.

“अडवला,” मी म्हणाले. “भीमण्णानं शिंगं धरलीत. आता सोसायचं. दम. चौदाच्या आत.”

मामांनी फासा दोन्ही तळव्यांत धरला. डोळे मिटले नाहीत की काही पुटपुटले नाहीत. सोडला.

सोळा.

इरफान मटकन खाली बसला. मामांनी फाशाकडे पाहिलं, तो उचलून परत माझ्यापुढे ठेवला.

“सोळा,” ते म्हणाले, काट्यावरून आकडा सांगावा तसं. “लिही. तिसरी जखम.”

“भीमण्णा पडतो,” मी म्हणाले. मला सांगावंच लागणार होतं, सूत्रधार मीच होते. “पण शिंगं सोडत नाही. बैल त्याच्यासकट दारात अडकतो. मैना आणि उस्ताद आत सुटतात.”

“मी गोळा टाकतो,” इरफान म्हणाला.  त्यानं फासा टाकला, अकरा, आणि बैल मेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मामांनी भीमण्णाला पाटावर उभं ठेवलं. आडवं नाही. हातोडी उचलली आणि एकाच घावात फोडलं. पिवळी भुकटी त्यांच्या शर्टावर उडाली. ती त्यांनी झटकली नाही.

“झालं,” ते म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. “आता ते काढ खाली.”

मी काढलं. लॅमिनेशन भिंतीचा रंग घेऊनच निघालं. पाठीमागे कोरी बाजू होती, इरफाननं मार्कर दिला.

“चौदापर्यंत दोनाला एक राहू दे,” मामा म्हणाले. “चौदाच्या वर चाराला एक कर. शेंड्यावरचा ऊस महाग पडला पाहिजे.”

“तात्या!” इरफान किंचाळला. “माझी बुद्धी सोळावर येती की!”

“तुला तेवढी पुष्कळ हाय.”

“आणि रखवालदाराला तिन्हींतले दोन फासे जमले तरी पुरे,” मी म्हणाले. मी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला, पुन्हा केला, आणि या वेळी कामांची सरासरी काढली. “शंभरात शहात्तर. इरफान ऐंशी.”

“हां. हे बरोबरीचं झालं.”

“काका, या नियमानं तुम्ही आज वाचला असता,” समृद्धी म्हणाली. “दोन जमले होते.”

“आजचा नियम आज हुता,” मामा म्हणाले.

मार्करचं टोपण लावताना मी सगळ्यांकडे बघून म्हणाले, “माझं चुकलं.” जीभ झडली नाही. इरफाननं चहा ठेवला.

सहाला आम्ही निघालो. मामा स्कूटरवर मागे बसले. मार्केटपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि माझ्या मनात ती गॅलरीतली खुर्ची येऊन बसली. बायपासच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही.

“मामा, एक विचारू? दिवाळीच्या आधीपासून तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही एवढे काटेकोर. मग गप्प का बसलात?”

मामांनी मागे गुडघा सरळ केला.

“सुदर्शन तिकडं,” मग ते म्हणाले. “तुझ्या सासूबाई गेलेल्या. तू कॉलेजातनं यायचीस, भाकरी करायचीस, पेपर घेऊन बसायचीस. मी गॅलरीतनं बघायचो. घरात कुणाशी बोलशील, माझ्याशी? मला तर बोलायला यायचं न्हाय. रविवारी मात्र तू हसायचीस. तिथं तू राजी असायचीस. म्हटलं, हिला सोबत पाहिजे तर जाऊ आपण. काटा थोडा हालतोय, हालू दे.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी स्कूटर कडेला घेतली.

मी त्यांना खुर्चीतून उठवत होते, असं मी दोन वर्षं समजत होते. सगळ्या मिरजेला मी तसंच सांगितलंही होतं.

“मग आता?” मी विचारलं. “भीमण्णा गेला. आता यायचं बंद?”

“दोन वर्षं तुझ्यासाठी आलो,” मामा म्हणाले. त्यांनी शर्टावरची पिवळी भुकटी बोटावर घेऊन पाहिली. “आज तीन फासं माझ्या हातानं टाकलं. पुढच्या रविवारी मी माझ्यासाठी जाणार हाय. इरफानला सांगून ठेव, ढाल जरा मोठी कर म्हणावं. आणि तुला यायचं नसलं तर सांग. मी बसनं जाईन.”